माझ्यामागे घर नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण मला पाहून लगेच चपला काढू नका. माझ्यामागे घर नाही, आणि कधी नव्हतंही. मी नाटकातला दरवाजा आहे. मला उघडून आत आलात, तर माझ्या पाठीच्या कच्च्या फळ्या, मी पडू नये म्हणून ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या आणि कुणीतरी विसरलेला चहाचा कप, एवढंच तुम्हाला दिसेल.

खऱ्या दरवाजांसमोर मला नेहमी ओशाळल्यासारखं होतं. टेम्पोतून मला कुठे नेत असतात, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ते उभे दिसतात. कुणाला कुलूप, कुणाला नावाची पाटी, कुणाच्या कडीला दुधाची पिशवी अडकवलेली. त्यांनी ऊन-पाऊस सोसलेला असतो. माझ्या अंगावरचा ऊन-पाऊससुद्धा ब्रशनं काढलेला आहे. तरी मी बोलायचं ठरवलं आहे, कारण जे मी पाहिलं ते पाहणारा दुसरा कुणी नव्हता. तेही मान वर करून सांगण्यासारखं नाही. पण ऐका.

माझा जन्म एका नाट्यविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये झाला. तिथल्या सुतारमामांनी मला प्लायवूड आणि जुन्या खोक्यांच्या लाकडातून उभा केला. अंगावर तपकिरी रंग लावला आणि रंग ओला असतानाच त्यावरून कंगवा फिरवून सागवानाच्या रेघा काढल्या. लांबून मी अगदी खानदानी दिसायचो. जवळ आलं की कंगवा दिसायचा. प्लायवूडवर टकटक केली तर रिकामा डबा वाजवल्यासारखा आवाज येतो, म्हणून मामांनी खांद्याच्या उंचीवर आतून भरीव लाकडाचा एक तुकडा ठोकला. “इथंच वाजवायचं,” त्यांनी मुलांना दम भरला, “दुसरीकडे वाजवलंत तर माझी अब्रू जाईल.”

ज्या नाटकासाठी मी बनलो, ते शेवटच्या वर्षातल्या एका मुलीनं बसवलं होतं. तिला सगळे सूचनाताई म्हणायचे. हे काही तिचं खरं नाव नव्हे. तालीम संपून मुलं घामाघूम होऊन बसली की ही पुढे यायची आणि एकेकाला सूचना द्यायची. तू वाक्याच्या आधीच वळलास. तू रडताना प्रेक्षकांकडे बघतेस. आणि तिची सगळ्यात आवडती सूचना म्हणजे, “खरं वाटत नाही.” हे तीन शब्द ऐकले की भलेभले निमूट उठून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पण मुलगी कामाला वाघ होती, आणि तिला दिसायचं ते इतरांना दिसत नसे, हेही खरं.

नाटक गाजलं. तिच्या एका प्राध्यापकांनी माझ्यासमोर उभं राहून तिची पाठ थोपटली. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं. शेवटी तिचे वडील रंगमंचावर आले. ते पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होते आणि नाटक या प्रकरणावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. त्यांनी मला नेमकं चुकीच्या जागी वाजवलं, डब्ब असा आवाज आला, आणि मागे डोकावून ते म्हणाले, “छान आहे गं. पण ह्याचं पुढे काय?” ते माझ्याबद्दल विचारत नव्हते, हे तिला कळलं आणि मलाही.

नाटक संपलं की सेट मोडायचा आणि लाकूड पुढच्या नाटकाला वापरायचं, असा तिथला शिरस्ता. तिनं मामांच्या हातापाया पडून मला वाचवलं. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत बहुतेक तिला मी सोबत हवा होतो.

उत्तर लवकर मिळालं नाही. बरेच महिने ती घरी बसून होती. मग शहरातल्या एका कलाभवनात तिला काम मिळालं, तिकिटं फाडण्याचं आणि अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत नेण्याचं. मला तिनं तिथल्या गोदामात जुन्या फलकांच्या मागे ठेवून घेतलं. दुपारी ती माझ्या पाठीला टेकून डबा खायची आणि आईशी फोनवर बोलायची. आई नातेवाइकांना नुसतं “कलाभवनात असते” एवढंच सांगायची. काय करते, हे कुणी विचारलंच तर तिला गॅसवर काहीतरी ठेवल्याची आठवण व्हायची. लेकीला हे माहीत होतं. ती हसून सोडून द्यायची आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसायची.

एकदा तिच्या वर्गातला एक मुलगा तिथे नाटक बघायला आला. तो तेव्हा बऱ्यापैकी नाव कमावलेला नट झाला होता. हिनं बॅटरी दाखवली आणि त्यानं ओळखलं. “अरे, तू इथे?” एवढंच तो म्हणाला. त्यात वाईट काही नव्हतं. पण ती गोदामात आली आणि माझ्या चौकटीवर कपाळ टेकून उभी राहिली. मित्रांनो, कष्टाच्या कामाची लाज वाटू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. बरोबरच आहे. पण लाज शाळेत गेलेली नसते.

ती मात्र चिकाटीची. तिकिटांवरून ती कार्यालयात गेली. सभागृहाच्या तारखा, माईक चालत नाही म्हणून भांडायला येणारे गायक, खुर्च्या कमी पडल्या की शेजारच्या शाळेतून उचलून आणणं, सगळं तिनं केलं. मग एक दिवस व्यवस्थापकांनी विचारलं, कलाभवनात लोक येत नाहीत, तर आपणच लोकांत जायचं का? आणि तिचे डोळे चमकले.

तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले. मला टेम्पोत घालून ती वस्त्यांतल्या सभागृहांत, शाळांत, दवाखान्यांत, वृद्धांच्या मंडळांत न्यायची. मला मधोमध उभं करायची आणि म्हणायची, “हे दार आहे. पलीकडे कुणीतरी आहे. कोण ते तुम्ही ठरवा. उघडा आणि बोला.” बस, एवढंच. पण लोक काय काय बोलायचे! परिचारिकांनी पलीकडे झोप उभी केली आणि तिला आत ओढून घेतलं. एका शाळेत एका मुलीनं गणिताच्या सरांना बाहेरच ठेवून मला आतून कडी लावली. जे लोक जन्मात कधी रंगमंचावर चढले नव्हते, ते माझ्यासमोर मोकळे व्हायचे. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, घर नसलेला दरवाजा असणं अगदीच काही वाईट नाही.

अशाच एका वसाहतीच्या सभागृहात आम्हाला कंडक्टरकाका भेटले.

काका बसमधून निवृत्त झाले होते, पण बस त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सभागृहात कुणी दाटीनं बसलं की ते ओरडायचे, “पुढे सरका, पुढे सरका, मागे गर्दी आहे.” बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विनोद तयार. त्यांची बायको वारलेली होती, त्यावरसुद्धा ते विनोद करायचे आणि समोरच्यानं हसावं की नाही हे त्याला कळायचं नाही. बाकी सगळ्यांनी मला उघडलं, बंद केलं, लाथसुद्धा मारली. काका मात्र माझ्याजवळ येत नसत. “आमच्या बसचं दार मोडकं होतं,” ते म्हणायचे, “त्यामुळे मला दाराची सवयच नाही.”

मग एका दुपारी ते आपणहून उठले. माझ्या आतल्या बाजूला येऊन उभे राहिले आणि त्यांनी कडीवर हात ठेवला. उघडली मात्र नाही.

“पलीकडे माझी लेक आहे,” ते म्हणाले.

लेकीनं त्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं होतं. काही महिन्यांनी ती परत आली, एकटीच, हातात बॅग घेऊन. तिनं दार वाजवलं. काका आत असेच कडीला हात लावून उभे राहिले. राग होता. शेजारी काय म्हणतील हे होतं. आणि आता उघडलं तर तोंडातून पहिला शब्द कुठला काढायचा, हेही होतं. ती वाजवत राहिली. मग तिचा आवाज आला, “बाबा, तुम्ही दाराशीच आहात. खालच्या फटीतून पाय दिसतायत तुमचे.”

हे सांगताना काका हसायला लागले. “पाय दिसत होते हो माझे! मी आपला श्वास रोखून उभा, म्हटलं तिला कळायचं नाही. आणि पाय बाहेर!” हसता हसता त्यांना खोकला आला. “तरी मी बोललो नाही. एक शब्द नाही. मग ती गेली.”

सभागृहात कुणी हसलं नाही. माझ्या पायाशीही अशीच फट आहे, आणि काकांच्या जुन्या बुटांची टोकं त्या फटीच्या अगदी जवळ होती.

सूचनाताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण तेवढ्यात तिच्यातली दिग्दर्शक जागी झाली. तिनं ठरवलं की वर्षाअखेरीस कलाभवनात या सगळ्यांचं एक नाटक करायचं आणि काकांची गोष्ट त्याच्या शेवटी ठेवायची. काकांनी एकच अट घातली. “खरं तर मी उघडलं नव्हतं. पण नाटकात उघडतो. चालेल?” ती म्हणाली, “चालेल काय, तेच तर हवंय.”

तालमी सुरू झाल्या. काका दर वेळी पाय दिसल्याच्या वाक्याला हसायचे. मुद्दाम नाही. ते वाक्य आलं की हसू फुटायचंच, बांध फुटावा तसं. सूचनाताई थांबवायची. “काका, इथे हसू नका. बाप आहात तुम्ही. खरं वाटत नाही.”

“बरं,” काका म्हणायचे आणि पुन्हा हसायचे.

मग तिनं पायांचं वाक्यच काढून टाकलं. तरी काका त्या जागी यायचे, गप्प व्हायचे आणि हसायचे.

प्रयोग जवळ आला तशी तिची घालमेल वाढली. कलाभवनाचे विश्वस्त येणार होते आणि हा उपक्रम पुढे चालवायचा की गुंडाळायचा हे ते ठरवणार होते. तिचे प्राध्यापक येणार होते. वर्गातली मंडळी येणार होती. मी गोदामात होतो, तेव्हा ती फोनवर एका मैत्रिणीला म्हणाली, “अगं, माणसं गोड आहेत, पण तिकडे उभं राहून वाक्यं विसरली, नको तिथे हसली, तर मी तोंड कुठे लपवू?” बॅटरी धरल्याची लाज तिनं कधीच मागे टाकली होती, असं मला वाटत होतं. ती लाज गेलेली नव्हती. आता तिला तिच्याच माणसांची लाज वाटत होती.

तिनं त्या वर्गमित्राला, त्या नटाला, फोन केला. तो आनंदानं तयार झाला.

काकांना तिनं माझ्यासमोरच सांगितलं. “काका, तुम्हाला फार त्रास होतो. तुम्ही पहिल्या रांगेत मानानं बसा. गोष्ट तुमचीच आहे.”

काका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. “म्हणजे बस माझी, चालवणार दुसरा,” ते म्हणाले. “हरकत नाही. कंडक्टरला सवय असते.” मग दोन पावलं जाऊन मागे फिरले. “ताई, शेजारची एक खुर्ची राखून ठेवाल का? माझी एक पाहुणी यायची आहे. कधी नव्हे ते हो म्हणाली आहे.”

“हो हो, ठेवते,” सूचनाताई म्हणाली. ती तेव्हा दिव्यांच्या माणसाला हात करून वर काहीतरी दाखवत होती. कोण पाहुणी, हे तिनं विचारलं नाही. मला विचारता येत नाही. तिला येत होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी मला नवा रंग दिला होता. बिजागऱ्यांना तेल घातलं होतं, कडीवर मेणबत्ती घासली होती. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांच्याच नाकाची, त्यांच्याच कपाळाची एक बाई येऊन बसली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. काकांनी माझ्याकडे बोट दाखवून तिला काहीतरी सांगितलं. तिनं मान हलवली. ती रंगमंचाकडे बघत होती आणि काका तिच्याकडे.

शेवटचा प्रवेश आला. नट माझ्या आतल्या बाजूला उभा राहिला. काय सांगू तुम्हाला, त्यानं काम सुंदर केलं. त्याचा आवाज कापत होता. तो माझ्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडला आणि सभागृहात रुमाल निघाले. मग त्यानं मला उघडलं, आणि मी, नव्यानं तेल घातलेला, आवाजही न करता उघडलो. पलीकडून लेकीचं काम करणारी एक तरुण नटी धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेतली ती बाई उठून उभी राहिली. टाळ्या चालूच होत्या, पण रांग माझ्यापासून फार लांब नव्हती आणि मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, तुम्ही उघडलं नव्हतं,” ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे मान वळवली.

“आणि आजही तुम्ही नाही उघडलंत. माणूस ठेवलात.”

ती खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेली. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. काका बसूनच राहिले. आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून तेही वाजवत राहिले. त्यांना दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

विंगेत, अगदी माझ्या कडेला, सूचनाताई उभी होती. तिनंही ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. मग कुणीतरी तिला ओढून पुढे नेलं, प्राध्यापकांनी तिची पाठ थोपटली, कुणीतरी हातात फुलं दिली. विश्वस्तांनी तिथेच जाहीर केलं की उपक्रम पुढे चालू राहील. वर्तमानपत्रात माझा फोटोही छापून आला, माझ्यावर डोकं टेकून रडणाऱ्या नटासह. आयुष्यात पहिल्यांदाच माझा फोटो छापून आला होता, आणि तो कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

त्यानंतर बरेच आठवडे ती काकांच्या वसाहतीत गेली नाही. दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची, आज बैठक आहे, आज डोकं दुखतंय. गोदामात येऊन मात्र बसायची. एकदा आईचा फोन आला. आईनं वर्तमानपत्र सगळ्या नातेवाइकांना दाखवलं होतं. आता आई आपणहून सांगत होती लेक काय करते ते. “बाबांनी फोटो कापून कपाटाच्या आरशाला लावलाय गं,” आई म्हणाली. लेक म्हणाली, “काढायला सांग.” आईला वाटलं, पोरगी विनय दाखवते आहे.

आणि मग एका दुपारी गोदामाच्या दारात कंडक्टरकाका उभे.

“पुढे सरका,” ते म्हणाले. पण आवाजात नेहमीची गंमत नव्हती. “दार आहे ना अजून? की मोडलंत?”

सूचनाताई उठून उभी राहिली. तिनं बसायला एक खोकं त्यांच्याकडे सरकवलं. मग ती म्हणाली, “काका, माझं चुकलं. ती तुमची लेक होती, हे मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंच नाही. मला तुमची लाज वाटत होती. माझ्या लोकांसमोर मला तुमची सगळ्यांची लाज वाटली.”

काका खोक्यावर बसले. “वाटली ना? मलाही माझी वाटते. त्यासाठी कुठे सभागृह भरवावं लागत नाही.” त्यांनी मान वर केली. “तुमच्यावर राग होता. अजून आहे. पण मीही हो म्हटलंच की. एकदा नाही म्हणून दाखवलं असतं, तर तुम्ही काय मला खाल्लं असतं? दुसरा माणूस उघडतोय म्हटल्यावर आतून मला जरा बरंच वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही.”

ती पुन्हा खाली बसली.

“एक काम आहे,” काका म्हणाले. “मी तिच्या घरी जाणार आहे. पत्ता आहे. दोनदा निघालो आणि कोपऱ्यावरून परत आलो. मला जरा सराव हवाय.”

“आपण नीट प्रवेश बसवू,” ती घाईनं म्हणाली, “तुम्ही आत, मी...”

“छे, मी आत नाही. मी बाहेर. आत तुम्ही. मी वाजवतो, तुम्ही उघडायचं नाही.”

“मग मी काय करू?”

“मी काय केलं होतं? तेच करा. ती उघडेलच असं थोडंच आहे? मला बंद दारासमोर उभं राहायला जमलं पाहिजे. तिला जमलं होतं.”

त्या दोघांनी मिळून मला फलकांमागून ओढून काढलं. वाळूच्या पिशव्या लावल्या. ती आत गेली, म्हणजे माझ्या कच्च्या पाठीकडे, आणि तिनं कडीवर हात ठेवला. काका पुढे उभे राहिले आणि त्यांनी मला वाजवलं.

ती उघडणार नव्हती आणि काका जाणार नव्हते. मी मध्ये होतो. मित्रांनो, इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला उघडलं होतं, की बंद राहणं किती अवघड असतं हे मला ठाऊकच नव्हतं. एका बाजूनं काकांचा श्वास लागत होता, दुसऱ्या बाजूनं तिच्या हाताचा भार कडीवर पडत होता. माझ्या अंगाला दोन्हीकडून घाम फुटल्यासारखं झालं.

“मी आहे,” काका म्हणाले. पुढे काहीच नाही. मग ते हसले, तेच हसू, नको तिथे येणारं. मला वाटलं, आता ती थांबवणार. आता सूचना येणार. ती काही बोलली नाही.

हसू आपोआप संपलं. काका पुन्हा बोलले, अगदी हळू. “त्या दिवशी मी आत होतो. तू मला ओळखलंस. मी नाही बोललो. पहिला शब्द सुचेना म्हणून नाही बोललो, आणि मग उशीर झाला, आणि मग जास्तच उशीर झाला. तू काही करू नकोस. उघडू नकोस. मी फक्त बाहेर आलोय हे सांगायला आलो.”

माझ्या मागे सूचनाताई हुंदका दाबत होती. तो दबला नाही. ती माझ्या फळ्यांवर तोंड ठेवून रडायला लागली, चांगली भोकाड पसरून.

“ताई,” काका बाहेरून म्हणाले, “रडू नका. खरं वाटत नाही.”

मग दोघंही हसायला लागले, आणि हसताना ती रडत होती आणि काकाही. मला कुणी उघडलंच नाही. ती कडेनं फिरून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी खाली बसली.

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा आले. तिनं काही विचारायच्या आतच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

“उघडलं नाही,” ते म्हणाले. “वाजवलं, सगळं बोललो. आत शांत. मी म्हटलं, ठीक आहे, निघतो. तर आतून विचारते, परतीची बस कितीला आहे? मी सांगितलं. तर म्हणाली,” आणि इथे काकांना बराच वेळ थांबावं लागलं, “म्हणाली, तोवर जिन्यात बसा, बाहेर ऊन आहे.”

“मग?”

“मग काय, बसलो जिन्यात. बस आली तेव्हा निघालो. रविवारी पुन्हा जाणार आहे.”

सूचनाताई अजून त्याच कलाभवनात काम करते. वस्त्यांमध्ये मला घेऊन जाते, पण कुणाची गोष्ट रंगमंचावर न्यायची असली तर आधी विचारते, आणि ज्याची गोष्ट तोच ती सांगतो, मग तो वाक्यं विसरो की नको तिथे हसो. विश्वस्त कधी कधी नाक मुरडतात. फोटो फारसे छापून येत नाहीत. त्या संध्याकाळची लाज मात्र तिची गेलेली नाही, आणि ती जावी असं तिलाही वाटत नाही.

माझं आता वय झालं आहे. खालची कड ओल लागून फुगली आहे, एक बिजागरी निखळायला आली आहे. कुणी माझी डागडुजी करील तर मला आवडेल, पण हट्ट नाही. मागणं दुसरंच आहे. मित्रांनो, तुमच्या घराचं दार माझ्यासारखं नाही. त्याच्यामागे खरोखर घर आहे. ते रागानं आपटू नका, त्याच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. आणि कधी बाहेर असं कुणी येऊन उभं राहिलं, की ज्याला आत घेणं तुम्हाला जमत नाही, तर नका उघडू. पण आतून बोला.